टेबलावरचे दोन डबे

अल्डर फ्लॅट नावाच्या गावातल्या नेमबाजी क्लबात एक गोष्ट कुणी शिकवत नाही, ती आपोआप कळते. दुसऱ्याने भरलेली काडतुसं आपल्या रायफलीत घालायची नाहीत. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर मागून आणा, त्याच्या घरचे लोणच्यातले बीट पोटभर खा, हवं तर आपली म्हातारी आई चार दिवस त्याच्याकडे ठेवा, पण त्याची काडतुसं नकोत. आपल्या गालापासून चार बोटांवर स्फोट होत असतो, तो कुणी भरलाय हे आपल्याला ठाऊक असलेलं बरं. हार्लन लिंडव्होल्डने तर सख्ख्या भावाची काडतुसं नाकारली होती. तो भाऊ पुढे दोन नाताळ जेवायला आला नाही.

हार्लन आयुष्यभर गावच्या धान्यकोठारावर वजनकाट्याशी होता. ट्रकभर गव्हात मूठभर खडे असले तरी त्याला काट्याच्या थरथरण्यावरून कळतं, असं लोक म्हणत. लोक काय, काहीही म्हणतात. पण काडतुसं भरताना मात्र तो खरोखरच तसा होता. तळघरात खिडकीखाली त्याचं टेबल, टेबलाला बोल्टने आवळलेली लोखंडी प्रेस, शेजारी चिमुकला तराजू. त्या टेबलाचा पहिला नियम असा, की बंदुकीच्या दारूचा एकच डबा टेबलावर असायचा. एक काम संपलं की डबा कपाटात, मगच दुसरा बाहेर. कारण दारूचे दाणे दिसायला सगळे सारखेच, काळे आणि बारीक. पण एक सावकाश जळतो, तर दुसरा भडकतो. एकाच्या जागी दुसरा गेला, तर रायफल गोळी पुढे फेकण्याऐवजी मागच्या माणसाच्या तोंडावर फुटते.

हे अर्डिसला ठाऊक होतं. अर्डिस म्हणजे हार्लनची बायको. तिने स्वतः कधी एक काडतूस भरलं नव्हतं, पण बेचाळीस वर्षं ती तळघराच्या जिन्यावर बसून शेंगा सोलत आली होती. लग्न झालं त्या वर्षी खाली ऊब म्हणून बसायची, पुढे सवय म्हणून. हार्लन दारू मोजत असेल तेव्हा बोलायचं नाही. तो प्रेसचा दांडा ओढायला लागला की मग बोलायचं. दांडा खाली आला की ‘खट्’, वर गेला की ‘चक्’. पोरगी तापाने फणफणलेली असताना, दुष्काळाच्या वर्षी, हार्लनचे वडील गेले त्या आठवड्यातसुद्धा तो आवाज खालून येत राहिला होता. घर ठिकाणावर आहे हे अर्डिसला त्या आवाजावरून कळे.

आणि काय दिवस होते ते! सत्तर सालच्या आसपास मैदानावर साठ-साठ नेमबाज यायचे. सहाशे यार्डांवर खंदकात माणसं लक्ष्याचे फलक दोरीने वरखाली करायची, आणि कुणाची गोळी साफ चुकली की तिकडून लाल निशाण हलायचं. ते हललं की सगळं मैदान हसायचं. ज्याची चुकली तो वाऱ्याला शिव्या द्यायचा. नाचता येईना, अंगण वाकडं! बायका ट्रकच्या मागच्या फळीवर बटाट्याचं सॅलड आणि हरणाचे सॉसेज मांडायच्या. लग्नानंतर पहिल्यांदा हार्लन अर्डिसला घेऊन ओहायोतल्या मोठ्या स्पर्धेला गेला, तो पिकअपमध्ये मागे गादी टाकून. वाटेत तीन दिवस पाऊस. मधुचंद्राला गेलो होतो की धुलाईला, हे आजवर ठरलेलं नाही, असं ती सांगायची आणि सांगताना अजून लाजायची. त्या स्पर्धेत हार्लन तेविसावा आला. परत येताना त्याने काडतुसांच्या रिकाम्या खोक्यावर पेन्सिलीने लिहिलं, ‘वारा डावीकडून. अर्डिस उजवीकडे.’ पुढे प्रत्येक खोक्यावर तारीख, दारूचं माप आणि असं काहीतरी एक वाक्य लिहायची त्याला खोडच लागली. तळघरात अशी दोन फळ्या भरून खोकी होती. बाईला दुसरी कुठली प्रेमपत्रं मिळाली नाहीत, पण तिने कधी मागितलीही नाहीत.

तर त्या वर्षी मे महिन्यात ती बीटची बरणी आणायला तळघरात गेली, आणि तिला टेबलावर दोन डबे दिसले. दोन्ही उघडे. दारू मोजायच्या भांड्यातही अर्ध्यापर्यंत दारू होती. ती कुठल्या डब्यातली, ते देवालाच ठाऊक.

ती वर आली तेव्हा हार्लन ओसरीवरच्या खुर्चीत बसून समोरच्या माळाकडे बघत होता.

“आज कुठली दारू भरतोयस रे?” तिने सहज विचारल्यासारखं विचारलं.

“नेहमीचीच की.” मग बऱ्याच वेळाने तो म्हणाला, “काय विचारलंस?”

तसं आधीही झालं होतं. गेल्या हिवाळ्यात कॉफीत साखरेऐवजी मीठ. मार्चमध्ये किराणा आणायला गेलेला माणूस तीस मैल पलीकडच्या गावात पोचला आणि तिथून फोन करून म्हणाला, आपलं दुकान कुणीतरी हलवलंय. त्या सगळ्याला ती हसली होती, तोही हसला होता. दोन डब्यांना मात्र तिला हसता येईना.

तो जेवणानंतर झोपला तेव्हा तिने भरलेल्या पन्नास काडतुसांचं खोकं उचललं आणि तडक मर्व्ह केसलरकडे गेली. मर्व्ह हा क्लबाचा मैदानप्रमुख. हार्लनचा तीस वर्षांचा प्रतिस्पर्धी, म्हणजे तीस वर्षांचा मित्र. मर्व्हने एकेक काडतूस हातोडीसारख्या पोकळ अवजारात घातलं आणि लाकडाच्या ओंडक्यावर ठोकून फोडलं. ठोकलं की गोळी सुटते आणि दारू बाहेर पडते. प्रत्येकातली दारू त्याने बशीत ओतून चष्म्यातून पाहिली, मग तोलली.

शेवटी त्याने चष्मा काढला. “तीन काडतुसांत दारू कमी आहे. एकात नाहीच. आणि ही दोन बघ. हे दाणे पिस्तुलाच्या, भडकणाऱ्या दारूचे आहेत, अर्डिस. यातलं एक जरी सुटलं असतं ना...”

“पुढचं नको सांगूस.”

“त्याला सांग. आजच सांग.”

“सांगितलं तर काय करेल, ठाऊक आहे? रायफल तेलाच्या फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवेल आणि मागोमाग स्वतःही त्याच कपाटात जाऊन बसेल. मर्व्ह, आठवड्यातले सहा दिवस तो मला विचारतो की आज वार कोणता. शनिवारी मैदानावर आडवा झाला की मात्र त्याला सगळं ठाऊक असतं. वारा ठाऊक, अंतर ठाऊक. तिथे तो अजून पुरता आहे.”

“मग काय करायचं म्हणतेस?”

“मला भरायला शिकव.”

मर्व्हने तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने ट्रॅक्टर नाचवायला शिकव म्हटलं. “तू? आणि तो मारणार? हार्लन लिंडव्होल्ड, दुसऱ्याची काडतुसं? त्याला कळलं तर तो तुझ्याशी बोलायचा नाही, आणि माझं मैदान जाळेल.”

“कळू द्यायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“एका अटीवर,” मर्व्ह म्हणाला. “ज्या शनिवारी त्याच्या रायफलीचं तोंड भलतीकडे वळलेलं मला दिसेल, त्या शनिवारी मी स्वतः ती काढून घेईन. तेव्हा रडायचं नाही.”

“रडेन. पण अडवणार नाही.”

मग जूनभर मंगळवार-गुरुवार ती चर्चमधल्या बायकांबरोबर गोधडी शिवायला जाते, असं हार्लनला सांगून मर्व्हच्या गॅरेजात जाऊ लागली. तोवर मर्व्हने दुरुस्तीच्या नावाखाली मैदान बंद ठेवलं. पहिल्याच दिवशी तिने तेल न लावता काडतुसाची पितळी पुंगळी प्रेसच्या साच्यात दाबली. ती अशी अडकली की दांडा ना वर ना खाली.

“अरे देवा! चाळीस वर्षांत माझा साचा कुणी अडकवला नव्हता,” मर्व्ह कपाळाला हात लावून म्हणाला. “बेचाळीस वर्षं जिन्यावर बसून बघत काय होतीस गं?”

“त्याच्याकडे बघत होते. पुंगळ्यांकडे नाही.”

“बरं. आजपासून पुंगळ्यांकडे बघ. तो काही नवीन दिसणार नाही आता.”

मर्व्ह चिडका मास्तर होता, पण पक्का. वापरलेली पुंगळी आधी पुसायची, चीर गेलीय का बघायची, तेल लावायचं, साच्यात दाबून पुन्हा मापात आणायची. तळाशी ठिणगी देणारी नवी टोपी बसवायची. दारू तोलून घालायची. पन्नासही भरल्या की गोळ्या बसवण्याआधी विजेरी घेऊन एकेकीच्या तोंडात डोकवायचं. सगळीकडे दारू एकाच उंचीवर दिसली पाहिजे. एक जरी वेगळी दिसली तर पन्नासही ओतून पुन्हा सुरुवात. रेडिओ बंद, फोन बंद, गप्पा बंद. जिच्याबद्दल शंका आली ती दारू डब्यात परत जायची नाही. ती अंगणातल्या फुलांच्या वाफ्यावर उधळायची, खत म्हणून. हा तिथल्या सगळ्याच घरांचा रिवाज. अल्डर फ्लॅटमध्ये कुणाची फुलं फारच तरारलेली दिसली तर लोक त्या घरच्या नेमबाजाबद्दल हळूच कुजबुजतात.

त्या उन्हाळ्यात अर्डिसची पिटुनियाची फुलं बघायला लोक गाडी थांबवत होते.

कारण ठरलं ते असं. हार्लन दुपारी चारला तळघरात जाई आणि पन्नास काडतुसं भरी. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर तो झोपला की अर्डिस खाली उतरे, त्याची पन्नासही ठोकून फोडी, दारू फुलांना घाली, आणि त्याच पुंगळ्या, त्याच गोळ्या घेऊन सगळं पहिल्यापासून भरी. मग त्याच्याच अक्षरातलं लेबल लावलेल्या खोक्यात ती नीट मांडून ठेवी. ताकास तूर लागू दिली नाही तिने. हे काम करताना तिला बरं वाटे, आणि बरं वाटतंय याची लाजही वाटे. इतकी वर्षं तो काय करत होता ते तिला आता हाताला कळत होतं. तराजूचा काटा स्थिर व्हायची वाट बघताना माणूस श्वास का धरतो, तेही कळलं. त्या गप्प माणसाच्या मनाजवळ ती पन्नासाव्या वर्षी आली असती तर किती बरं झालं असतं, असं तिला वाटून गेलं. ती एकोणसत्तर वर्षांची होती.

तिच्या काडतुसांची पहिली स्पर्धा जूनच्या शेवटच्या शनिवारी होती. मैदानावर आता अकराच जण येत. खंदकात दोरी ओढायला माणसं मिळत नाहीत म्हणून मर्व्हने पुतण्यांना धरून आणलं होतं. सेजच्या झुडपांचा तोच कडवट वास, तेच पिवळं गवत, तोच पश्चिमेचा वारा. अर्डिस हार्लनच्या मागे स्टुलावर दुर्बीण घेऊन गुण लिहायला बसली होती. हार्लन चटईवर पालथा पडला, कातडी पट्टा दंडाला आवळला, पहिलं काडतूस नळीत सारलं आणि नळीचं मागचं तोंड झाकणारा बोल्ट बंद केला.

बोल्ट बंद करून तो क्षणभर थांबला. अर्डिसच्या हातातली पेन्सिल घामाने ओली झाली. मग त्याने चाप ओढला.

समोर फलक खाली गेला, वर आला. गोळी लागल्याची पांढरी खूण बरोबर मध्यावर होती. दुसरी तिच्याशेजारी. विसाव्या गोळीनंतरही त्या सगळ्या खुणा अर्डिसच्या दोन तळहातांखाली झाकल्या गेल्या असत्या. हार्लनने उठून गुडघे झटकले. मर्व्हला ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, “बघ लेका! हात अजून शाबूत आहे.”

मर्व्ह दुसरीकडे तोंड करून खोकला. अर्डिसला सत्तर साल आठवलं, ते साठ नेमबाज आठवले, आणि तिला इतका आनंद झाला की तिने गुण लिहिताना एक ओळ चुकवली.

जुलै असाच गेला. फक्त तिचं उजवं मनगट सुजलं. दर खेपेला पन्नास ठोके घालून फोडायचं म्हणजे ते म्हातारं हाड कुरकुरणारच. हार्लनने विचारलं तर ती म्हणाली, “गोधडी फार जाड आहे.”

“कोण पांघरणार आहे ती, अस्वल?” तो म्हणाला.

ऑगस्टमध्ये मोसमातली शेवटची स्पर्धा होती. त्या आठवड्यात हार्लन रोज दुपारी खाली गेला. दोन-दोन तास वर ‘खट्’ आणि ‘चक्’ येत राहिलं. तो आवाज ऐकत अर्डिसने भोपळी मिरच्या चिरल्या, मुलीला पत्र लिहिलं. गुरुवारी तो झोपल्यावर ती मनगटाला पट्टी बांधून खाली गेली. तिने ठोकायचं अवजार हातात घेतलं आणि खोकं उघडलं.

काडतुसं उलटी मांडलेली होती, बुडं वर. आणि प्रत्येकाच्या बुडाशी, जिथे टोपी असायला हवी, तिथे नुसतं गोल रिकामं भोक होतं. तिने एक उचलून कानाशी हलवलं. आत काही वाजलं नाही. दुसरं हलवलं. पन्नासही पुंगळ्यांत ना टोपी होती, ना दारू. तोंडाला गोळ्या मात्र एका रेषेत, अगदी मापात बसवलेल्या होत्या. दारूचे डबे कपाटात होते. कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली तिच्या विणकामाच्या टोपलीत ठेवलेली होती.

टोपली टेबलाखाली होती. ती तिने इथे आणलीच नव्हती.

“कॉफी गार होतेय!” वरून हार्लनची हाक आली.

तो झोपला नव्हता. स्वयंपाकघरात दोन कप मांडून बसला होता. अर्डिस समोर बसली. हार्लनच सुरू झाला.

“या सोमवारी भरायला बसलो. अर्ध्यावर कळेना, कितीत दारू घातली आणि कितीत नाही. दोन तास तसाच बसलो होतो गं. भीती वाटली. मग सगळी ओतून टाकली.” त्याने कप फिरवला. “तेव्हापासून दारूला हात लावला नाही.”

“मग रोज खाली जाऊन दांडा कशाला ओढत होतास?”

“तुला वर ऐकू यायला हवं म्हणून. आवाज थांबला असता तर तू जिन्यावर येऊन उभी राहिली असतीस. मग बोलावं लागलं असतं.” तो थोडा हसला. “आणि नाहीतरी तू ती फोडणारच होतीस. दारू-टोपी नसली की फोडायची भीती नाही, दारू ओतायची नाही. गोळ्याही सैलच बसवल्यात, ठोकायला नको, हातानेच उपसायच्या. तुझं मनगट बघितलंस का? भोपळ्यासारखं झालंय.”

अर्डिसने पट्टी बांधलेला हात टेबलाखाली घेतला. “तुला कधीपासून ठाऊक आहे?”

“जूनपासून. माझं काडतूस बसताना बोल्टला किंचित अडतं. चाळीस वर्षं अडतंय. त्या शनिवारी लोण्यात सुरी जावी तसा बंद झाला. तू गोळी केसभर खोल बसवतेस. मर्व्हची खोड आहे ती, त्याच्याकडूनच शिकलीस.” मग जरा नाक वाकडं करून तो म्हणाला, “आणि गोधडी शिवून हातांना साच्याच्या तेलाचा वास येत नाही, अर्डिस. विसरायला लागलोय, नाक नाही गेलं माझं.”

ती हसली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच्या पहिल्या गोळीआधीचा तो क्षण तिला आठवला. बोल्ट बंद करून तो थांबला होता. त्याला तेव्हाच कळलं होतं. कळूनही त्याने गाल रायफलीला लावला होता.

“पण तुझा नियम?” ती म्हणाली. “भावाचीसुद्धा नाकारलीस तू.”

“नियम आहेच. दुसऱ्याची काडतुसं मी आजही मारत नाही.”

“मग दोन महिने काय मारत होतास?”

हार्लनने तिच्याकडे पाहिलं, वार विचारताना बघायचा तसं हरवल्यासारखं नाही, अगदी नीट पाहिलं.

“तुझी मारत होतो. तू दुसरी कधीपासून झालीस?”

अर्डिसने गार झालेली कॉफी एका घोटात संपवली. शनिवारसाठी पन्नास काडतुसं अजून भरायची होती. ती उठली, तळघराचा दिवा लावला, आणि आता चोरून करायचं काही उरलं नव्हतं म्हणून त्यालाही खाली बोलावलं.